सायकलला गाडीची धडक बसली तर: रस्त्यावरच्या पहिल्या मिनिटापासून दाव्याच्या अर्जापर्यंत

"काही नाही झालं हो, जरासं खरचटलंय."

गाडीने उडवलेला सायकलस्वार उठतो, कपडे झटकतो आणि हे म्हणतो. भोवती जमलेल्यांचाही जीव भांड्यात पडतो. कोणी पाणी देतं, कोणी सायकलचं हँडल सरळ करून देतं, गाडीवाला खिशातून हजार-दोन हजार काढतो आणि पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, काम करताना अशी माणसं मी त्याच रात्री पोट धरून किंवा असंबद्ध बरळत आलेली पाहिली आहेत. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. सायकलस्वाराला एका धडकेत तीन मार बसतात. पहिला गाडीच्या बंपरचा, बहुधा पायाला. दुसरा बॉनेटचा, काचेचा, आरशाचा किंवा स्वतःच्याच सायकलच्या हँडलचा; तो डोक्याला, छातीला, पोटाला बसतो. तिसरा रस्त्याचा. डोळ्यांना दिसतं ते बहुतेक तिसऱ्या माराचं रक्त, आणि मलमपट्टीही त्याचीच होते. पहिल्या दोन मारांकडे कोणी बघत नाही. डोकं तर रस्त्यावर आपटलं तरी वरून अनेकदा काहीच दिसत नाही. खालचे टप्पे या हिशेबाने लावले आहेत, त्यांचा क्रम बदलू नका.

## तयारी: सायकल बाहेर काढण्याआधी

हे फक्त रविवारी सकाळी घाट चढणाऱ्यांसाठी नाही. पहाटे पेपर टाकणारी मुलं, एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, शाळेत जाणाऱ्या मुली, सगळ्यांनाच ते लागू आहे.

खिशात एक चिठ्ठी ठेवा. प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर घामाने भिजत नाही. त्यावर नाव, घरच्या दोघांचे फोन, चालू असलेली औषधं, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कोणत्या साली घेतलं ते लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ती ओळ ठळक लिहा; डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांचा निर्णय या एका ओळीने बदलतो. रक्तगट लिहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून कोणी रक्त चढवत नाही. रुग्णालय स्वतः तपासून घेतं.

लांब जाणार असाल तर सायकलच्या पिशवीत हातमोजे, गॉझची पाकिटं, दोन रोलर बँडेज, एक मोठं त्रिकोणी कापड आणि सलाईनची १०० मिलीची बाटली ठेवा. त्रिकोणी कापडाऐवजी ओढणी किंवा उपरणं चालतं.

तपासा: मुलांच्या सायकलच्या हँडलची टोकं. रबरी ग्रिप झिजून आतली लोखंडी नळी उघडी पडली असेल तर आजच बदला. मूल अगदी हळू पडलं तरी ती नळी पोटात रुतते. ग्रिप स्वस्त मिळते, आणि पोटातल्या इजांचा माझा अनुभव पाहता मुलांच्या सायकलीत ब्रेकनंतर मी आधी तीच बघतो.

## टप्पा १: पहिलं मिनिट, जागा सांभाळा

१. धडक देणाऱ्या गाडीचं इंजिन बंद करायला लावा आणि धोक्याचे दिवे चालू करा.

२. जमलेल्यांपैकी दोघांना मागे तीस-चाळीस पावलांवर येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला उभं करा. महामार्गावर याहून बराच लांब. अंधार असेल तर मोबाईलची बॅटरी हलवत राहा. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा हे विसरू नका. रस्त्यावर दगड मांडू नका. माणसं जातात, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुसरा कोणीतरी पडतो.

३. जखमी माणूस चालू रस्त्याच्या मधोमध असेल किंवा आगीचा धोका असेल तरच हलवा. हलवायचाच तर डोक्यामागे उभं राहून त्याच्या खांद्याजवळचे कपडे धरा, डोकं आपल्या दोन्ही हातांच्या मधे टेकवा आणि शरीराच्या रेषेत सरळ ओढा. हात-पाय धरून झोळीसारखं उचलू नका.

सावधान: माणूस चाकाखाली असेल तर चालकाला गाडी मागेपुढे घेऊ देऊ नका. चाकाला दगड लावा. लहान गाडी असेल तर माणसं जमवून ती सरळ वर उचला.

## टप्पा २: श्वास आणि रक्त

इथे लोक नेमकं उलटं करतात. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात आणि गप्प पडलेल्याला "बेशुद्ध आहे, राहू द्या" म्हणून सोडतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. आधी गप्प पडलेल्याकडे जा.

१. कानाजवळ मोठ्याने हाक मारा आणि छाती वर-खाली होते का ते दहा सेकंद बघा. मधूनच लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

२. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर. दमलात तर दुसऱ्याला द्या, पण खंड पडू देऊ नका.

३. श्वास आहे पण तोंडात रक्त, उलटी किंवा तुटलेला दात असेल तर दिसेल तेवढं बोटाने बाहेर काढा. चाचपडत खोल बोट घालू नका.

४. जोरात रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबा. किमान दहा मिनिटं, मधे उचलून न बघता. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. काढलं की नुकती जमलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

५. हाता-पायातून रक्ताची चिळकांडी उडते आहे आणि दाबूनही थांबत नाही, असं असेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टी बांधा, त्यात काठी घालून पिळा आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा तार वापरू नका, ती मांस कापते. बांधलेली पट्टी रुग्णालयात पोचेपर्यंत सैल करू नका.

६. ब्रेकचा लिव्हर, स्पोक किंवा काच अंगात घुसली असेल तर ओढू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी कापड रचून तिला स्थिर करा.

हाड बाहेर आलेलं असेल तर ते आत ढकलू नका. त्यावर स्वच्छ ओलसर कापड ठेवा, अवयव आहे त्या स्थितीत काठीला किंवा दुसऱ्या पायाला बांधा. अशा जखमेत प्रतिजैविकाची पहिली मात्रा पहिल्या तासाभरात मिळणं फार मोलाचं असतं, म्हणून हाड "बसवणाऱ्या"कडे वळून वेळ घालवू नका.

## टप्पा ३: मान, हेल्मेट आणि पाणी

शुद्धीवर असलेल्या माणसाला आपण काय करतो? हात देऊन उठवतो. हात देण्याआधी त्याला म्हणा, "मान हलवू नका, तोंडाने सांगा." हो-नाही म्हणतानाही माणूस मान हलवतो, म्हणून हे शब्द आधी. एकाने डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही तळहातांनी डोकं स्थिर धरावं. दुसऱ्याने विचारावं: मान दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का, बोटं हलतात का. यातलं एकही उत्तर संशयास्पद आलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला झोपूनच राहू द्या.

माणूस बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होते आहे, अशा वेळी डोकं, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळतील असं तिघांनी मिळून त्याला कुशीवर करा. मानेच्या भीतीपोटी उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते, आणि ते जास्त लवकर जिवावर बेततं.

सायकलचं हेल्मेट तोंड झाकत नाही. श्वासाला अडथळा नसेल तर ते डोक्यावरच राहू द्या, मात्र हनुवटीचा पट्टा गळ्यात रुतत असेल तर कापा. रुग्णालयात ते हेल्मेट डॉक्टरांना दाखवा. कुठे चेपलं, कुठे तडकलं, यावरून मार कुठे आणि किती जोरात बसला ते कळतं.

सावधान: पाणी, चहा, ग्लुकोज, काहीही पाजू नका. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणं आपल्या मनाला कठीण जातं, मला कळतं. पण अर्धवट शुद्धीतला माणूस ते श्वासनलिकेत घेतो, आणि तातडीने भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट जिवाला धोका ठरतं. ओठ ओल्या कापडाने पुसा.

## टप्पा ४: फोन आणि नेणं

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही चालतो. फोनवर आधी जागा सांगा: गाव, फाटा, किलोमीटरचा दगड, जवळचा पेट्रोल पंप. मग किती जखमी, शुद्ध आहे का, श्वास आहे का. शेवटी गाडीखालून काढलं असेल तर ते. फोन तुम्ही आधी ठेवू नका.

रुग्णवाहिका लवकर येणार नसेल आणि रक्त थांबत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर वाट पाहू नका. टेम्पो, जीप, पिकअप, ज्यात माणूस आडवा झोपवता येईल ते वाहन थांबवा आणि फळी किंवा दार मिळालं तर त्यावर ठेवून न्या.

सावधान: दोन माणसांच्या मधे बसवून मोटारसायकलवरून नेणं ही मी पाहिलेली सर्वांत घातक मदत आहे. मान लोंबते, पाठीचा कणा वाकतो, आणि मागच्याला पुढचा बेशुद्ध झालाय हे कळतही नाही.

मदत करणाऱ्यांना पोलिसांची भीती वाटते. ती आता बाळगायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने आणि २०२० च्या नियमांनी मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याला करता येत नाही आणि रुग्णालय त्याच्याकडून पैसे मागू शकत नाही.

जखमीकडे माणसं आहेत हे पाहून एकाने फोटो काढावेत: गाडीचा नंबर, गाडी आणि सायकल जिथे आहेत ती जागा, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा. जवळच्या दुकानावर कॅमेरा असेल तर दुकानाचं नाव टिपून ठेवा. चित्रण बरेचदा काही दिवसांत पुसलं जातं.

## टप्पा ५: कॅज्युअल्टीच्या दारात

"ॲक्सिडेंट झाला" एवढं सांगून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. या पाच गोष्टी सांगा:

१. कोणत्या गाडीने, साधारण किती वेगात आणि कुठल्या बाजूने धडक दिली.
२. माणूस कसा पडला: हँडलवरून पुढे फेकला गेला, बाजूला आपटला, की चाकाखाली आला.
३. हँडल पोटात किंवा छातीत लागलं का.
४. किती वेळ बेशुद्ध होता, अपघात आठवतो का, उलटी झाली का.
५. चिठ्ठीवरची माहिती: औषधं, ॲलर्जी, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो. हँडलवरून पुढे फेकलेला माणूस हात पुढे करून पडतो. त्याचं मनगट, कोपर, गळपट्टीचं हाड आणि चेहरा तपासावा लागतो. बाजूने धडक बसलेल्याचा गुडघा, नडगी आणि कमरेचं हाड. डंपर किंवा बस डावीकडे वळताना आत सापडलेल्याची गोष्ट वेगळीच. मोठ्या गाडीच्या चालकाला डाव्या अंगाला चिकटून असलेली सायकल दिसत नाही आणि मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं. चाक मांडीवरून गेलं तरी कधीकधी कातडी फाटत नाही, नुसता टायरचा ठसा दिसतो. आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते आणि त्या पोकळीत रक्त साचत जातं. अशा मांडीला "मुका मार" म्हणून आंबेहळदीचा लेप लावून घरी ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. चाक अंगावरून गेलं असेल तर वरून काही दिसो वा न दिसो, ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

डॉक्टर पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, गरज वाटली तर डोक्याचा सीटी स्कॅन करतील. "सीटी कराच" असा हट्ट धरू नका आणि सांगितला तर पैशांसाठी टाळूही नका. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कोणालाही, म्हणजे सायकलस्वारालाही, योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार. त्यासाठी पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांनाही त्याच दिवशी भेटा.

तपासा: एमएलसी नोंद झाली का? एमएलसी म्हणजे अपघाताची केस म्हणून रुग्णालयाने स्वतःच्या वहीत केलेली आणि पोलिसांना कळवलेली नोंद. "पोलिसांची भानगड नको" म्हणून घरचेच "जिन्यावरून पडला" असं सांगतात. पुढे पाय वाकडा राहिला तरी मग अपघात झाल्याचाच पुरावा उरत नाही.

आणि कोणी "आधी पोलिसांचा कागद आणा, मग उपचार" म्हणालं तर त्याला सांगा की १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल लावला आहे. आधी जीव, मग कागद. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे.

## टप्पा ६: घरी सोडल्यानंतरचे ४८ तास

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. माणूस घरी आला की शेजारीपाजारी येतात, अंगाला शेक देतात, दुखण्याची गोळी देतात आणि झोपवतात. पण डोक्यातलं आणि पोटातलं रक्त सावकाश साचतं. डोक्याला मार लागलेला माणूस आधी थोडा वेळ बेशुद्ध, मग तासभर किंवा त्याहून जास्त वेळ अगदी नीट बोलता-चालता, आणि मग अचानक ढासळलेला, असं होऊ शकतं. मधला तो चांगला काळ बघून घरचे निर्धास्त होतात.

एका माणसाने जबाबदारी घ्यायची. "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही.

पहिल्या रात्री झोपू द्यायला हरकत नाही. पण दर दोन-तीन तासांनी उठवा आणि विचारा: तुझं नाव काय, आपण कुठे आहोत, आज वार कोणता. उठायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला किंवा उत्तर भलतंच आलं तर लगेच निघा.

डोक्यासाठी खालीलपैकी एकही दिसलं तर थेट रुग्णालयात, सकाळ होण्याची वाट न पाहता:

- एकापेक्षा जास्त उलट्या
- वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, बरळणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं
- झटका (फिट) येणं
- एका हाता-पायात अशक्तपणा, चालताना झोक जाणं
- डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं
- नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव
- डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं पडणं

पोटासाठी कपडे वर करून बघा. हँडलच्या टोकाएवढा गोल निळसर वळ दिसला, विशेषतः मुलाच्या पोटावर, तर तो लहान समजू नका. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड आणि आतडं त्याच्यामागेच असतात. स्वादुपिंडाची किंवा आतड्याची इजा कधीकधी एक-दोन दिवसांनी तोंड काढते: पोट फुगतं, उलट्या होतात, ताप येतो, दुखणं पाठीकडे जातं. खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखू लागला तर ते प्लीहेतून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं. लघवी लाल झाली तर मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. मुलं भीतीने हँडल लागल्याचं सांगत नाहीत, त्यांना न रागावता विचारा.

श्वास घेताना टोचणं आणि धाप वाढत जाणं म्हणजे बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा साचत असू शकते. थांबू नका.

पायाला प्लास्टर किंवा स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातली असेल आणि गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं, बोटं हलकेच ताणली तरी किंकाळी निघाली, पोटरी दगडासारखी घट्ट लागली, तर आतला दाब वाढतो आहे. काही तासांत स्नायू मरायला लागतात. "प्लास्टर नवं आहे, दुखणारच" असं फोनवर कोणी म्हणालं तरी जाऊन दाखवा.

सावधान: पहिले दोन दिवस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यांनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. झोपेची गोळी आणि दारू अजिबात नाही. गुंगी कशाची आहे हेच मग कळत नाही.

## टप्पा ७: खरचटलेली जागा

तिसऱ्या माराकडे आता यायचं. डांबराने सोललेली कातडी वरवरची वाटते, पण तिच्यात खडी, माती आणि डांबराचे कण रुतलेले असतात.

१. हात साबणाने धुवा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धरा. पिण्याचं पाणी पुरतं.

२. सौम्य साबण आणि ओला गॉझ घेऊन कण बाहेर काढा. दुखतं. आधी पॅरासिटामॉल घेऊन अर्धा तास थांबलात तर सोसवतं. मोठा भाग असेल तर जागा बधिर करून रुग्णालयातच हे काम करून घ्या. पहिल्या दिवशी राहिलेले कण कातडीखाली कायमचे निळे-काळे डाग होऊन बसतात, गोंदल्यासारखे.

३. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर किंवा पॅराफिनची जाळीदार पट्टी, वर गॉझ, वर रोलर बँडेज. "हवा लागू दे, खपली धरू दे" हा सल्ला जुना आहे. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते आणि व्रण कमी राहतो.

४. रोज पट्टी बदला. चिकटली असेल तर पाण्याने भिजवून सोडवा, ओरबाडू नका.

५. भरल्यानंतर त्या जागेवर काही महिने ऊन लागू देऊ नका, नाहीतर ती काळी पडते.

सावधान: हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट, रॉकेल, यातलं काही जखमेत नको. हळदीवर राग नाही, पण ती जखमेत गेली की डॉक्टरांना आतलं मांस दिसत नाही आणि आधी तीच खरवडावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरीटही रोज ओतू नका, नव्याने येणारी कातडी जळते.

धनुर्वाताचं इंजेक्शन: मातीने भरलेली जखम आणि शेवटची मात्रा पाच वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्या. लहानपणच्या मात्रा झाल्यात की नाही हेच माहीत नसेल तर तसं सांगा, तेव्हा लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन लागू शकतं. गेल्या वर्षीच घेतलं असेल तर दर खरचटण्याला नव्याने घ्यायची गरज नसते.

दात पडला असेल तर हे काम मात्र या टप्प्याची वाट न पाहता, श्वास आणि रक्त सांभाळून झालं की अगदी रस्त्यावरच. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर खंगाळा आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर जागेवर बसवून रुमाल चावायला द्या. नाहीतर थंड दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

## टप्पा ८: पहिल्या एक्स-रेत न दिसणारी हाडं

अंगठा ताणल्यावर मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिला एक्स-रे स्वच्छ येतो, "लचक आहे" म्हणून सोडतात, मालिश सुरू होतं. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असतो. मोडलेलं तसंच राहिलं तर त्याचा तुकडा मरतो आणि मनगट कायमचं दुखतं. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा, किंवा एमआरआय. तोवर अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवा.

कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर तिथेही बारीक तडा असू शकतो. साठीच्या पुढच्या माणसाला सायकलवरून पडल्यावर जांघेत दुखतं आणि तो लंगडत का होईना चालतो, तरी खुब्याचा एक्स-रे काढाच.

गळपट्टीचं हाड सायकलस्वारांचं फार मोडतं. बहुतेकांना झोळी पुरते आणि सहा ते बारा आठवड्यांत ते जुळतं. टोक कातडीला आतून ढकलत असेल, कातडी पांढरी पडत असेल किंवा हात बधिर होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. झोळीत असतानाही बोटं, मनगट आणि कोपर रोज हलवा, नाहीतर हाड जुळतं आणि सांधे आखडतात.

हाडवैद्याकडे ताजी मोड चोळून घेऊ नका. मला त्यांच्या हाताच्या कसबाचा अनादर करायचा नाही, पण मोडलेलं टोक चोळताना शेजारची रक्तवाहिनी किंवा नस फाटू शकते आणि एक्स-रेशिवाय ते टोक कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ९: कागद

जागेवर पैसे घेऊन मिटवू नका. कोणत्याही हाडाचं किंवा दाताचं मोडणं, निखळणं ही भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमाप्रमाणे गंभीर दुखापत आहे. ते दोन हजारांत मिटत नाही, आणि मोडलंय हे त्या वेळी तुम्हाला ठाऊकही नसतं.

१. पोलिसांत गुन्हा नोंदवा. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने नोंद करायला सांगा. प्रत मोफत मिळते. पंचनाम्याची प्रतही मागा.

२. एमएलसी क्रमांक, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ फिल्म, औषधांची बिलं, रुग्णवाहिकेची पावती, कामावरच्या गैरहजेरीचा दाखला, सगळं एका पिशवीत. जखमांचे तारखेसह फोटो. सायकल दुरुस्त करण्याआधी तिचेही.

३. गाडीचा तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विमा नेमका अशाच माणसासाठी असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज तुम्ही राहता त्या भागातही करता येतो, अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. चूक कोणाची हे सिद्ध न करता मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये मागता येतात. याहून जास्त नुकसान झालं असेल तर त्याच कायद्याच्या १६६ व्या कलमाखाली, पण तिथे चूक दाखवावी लागते. कोणता मार्ग घ्यायचा ते वकिलाला विचारून ठरवा.

४. गाडी पळून गेली आणि नंबर मिळाला नाही, तरी हात टेकू नका. अशा पळून गेलेल्या गाड्यांच्या अपघातांसाठी असलेल्या २०२२ च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे.

तपासा: तारीख. १६६ व्या कलमाखालच्या दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. "पूर्ण बरा झालो की बघू" म्हणता म्हणता ती निघून जाते. उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो.

## टप्पा १०: पुन्हा सायकलवर

डोक्याला मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईलही कमी. मग चालणं, मग घरातली स्थिर सायकल, आणि डोकेदुखी, गरगर, विसरभोळेपणा पूर्ण गेल्यावर डॉक्टरांना विचारून रस्ता. एखाद्या पायरीवर त्रास परतला तर एक पायरी मागे या. मेंदू सावरलेला नसताना दुसरा हलका मारही महागात पडतो.

हाड जुळलं याचा पुरावा एक्स-रे, दुखणं थांबणं नव्हे. ब्रेक पूर्ण दाबता येतो का आणि मागे वळून बघताना मान फिरते का, हे आधी उभ्या सायकलवर करून बघा.

धडकेतलं हेल्मेट फेकून द्या, वरून चांगलं दिसत असलं तरी. आतला फोम एकदाच चेपण्यासाठी असतो. सायकलचा पुढचा चिमटा, चाकाचा तोल आणि हँडलचा सांधा मेकॅनिककडून उघडून बघून घ्या. पहिल्या दिवशी रोजचाच रस्ता घ्या, उजेडात, कोणाला तरी बरोबर घेऊन. धडक बसली त्या चौकात हात थरथरले तर उतरा आणि चौक चालत ओलांडा. आठवडे उलटूनही झोपेत दचकून जाग येत असेल, हॉर्न ऐकून छाती धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याच्यावरही उपचार आहेत.